पेनिक्विक यांनी घर विकून धरण बांधलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: केरळातलं मुल्लपेरियार धरण बांधणारे कर्नल जॉन पेनिक्विक पुण्यात जन्मले होते का? सरकारने पैसे थांबवल्यावर त्यांनी इंग्लंडमधलं घर आणि बायकोचे दागिने विकून धरण पुरं केलं, ही गोष्ट खरी का? आणि सिमेंटचा वापर न करता चुन्यात बांधलेलं धरण सव्वाशेहून जास्त वर्षं उभं कसं राहिलं?

माझी नोकरी सह्याद्रीतल्या जुन्या दगडी धरणांची देखभाल करण्यात गेली. गळती मोजायची, ग्राऊटिंग, म्हणजे फटींत दाबाने सिमेंट भरणं, करून घ्यायचं, पावसाळ्यात रात्री-अपरात्री भिंतीच्या पोटातल्या गॅलरीत उतरायचं. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नापाशी मी जरा रेंगाळणार आहे, पण आधी माणूस.

हो, ते पुण्यात जन्मले, १५ जानेवारी १८४१ ला. वडील, त्यांचंही नाव जॉनच, ब्रिटिश पायदळात अधिकारी होते. १३ जानेवारी १८४९ ला पंजाबात चिलियनवालाची लढाई झाली. त्या लढाईत ब्रिगेडियर असलेले वडील पडले, आणि वडिलांच्या देहाचं रक्षण करताना सतरा वर्षांचा थोरला भाऊ अलेक्झांडरही पडला. धाकटा जॉन दोन दिवसांनी आठ वर्षांचा होणार होता. पुढे हा मुलगा तलवारीच्या नाही, मोजपट्टीच्या वाटेने फौजेत गेला. चेल्टनहॅमला शाळा झाली, मग ॲडिस्कोम्बच्या लष्करी विद्यालयात शिक्षण. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या तोफखान्याचे आणि इंजिनिअर दलाचे अधिकारी तिथेच तयार करत असे. १८५८ मध्ये मद्रास इंजिनिअर्समध्ये नेमणूक झाली आणि १८६० मध्ये ते हिंदुस्थानात आले. कंपनीचं राज्य तोवर संपलं होतं, दोनच वर्षांत तिचे इंजिनिअर रॉयल इंजिनिअर्समध्ये सामील झाले. १८६७-६८ च्या ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेत पेनिक्विक होते. प्रत्यक्ष युद्धाशी त्यांचा संबंध जवळजवळ तेवढाच. बाकी सगळी हयात पाण्यात गेली.

लष्करातला माणूस धरणं का बांधतो, असा प्रश्न आजच्या पिढीला पडतो. त्या काळी स्थापत्य शिकलेली माणसं इथे मुख्यतः फौजेतच होती. सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं ते १८५०च्या दशकात. रुरकीचं कॉलेज १८४७ चं, पुण्यातला इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ चा. तिथून पुरेशी माणसं बाहेर पडेपर्यंत पूल, रस्ते, कालवे, बराकी, सगळं काम फौजी अधिकाऱ्यांच्या अंगावर असे. मद्रासमध्ये तर याची परंपराच होती. गोदावरीवर दवलेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन याच मद्रास इंजिनिअर्सचे. आपल्या खडकवासल्याच्या जलाशयाला ज्यांच्यावरून लेक फाइफ हे नाव पडलं, ते फाइफही रॉयल इंजिनिअर्सचेच. शत्रूच्या किल्ल्याखाली सुरुंग लावायला शिकलेला माणूस डोंगरात बोगदा काढायला घाबरत नाही, आणि हजार माणसांना जंगलात महिनोन् महिने खाऊ-पिऊ कसं घालायचं हे त्याला ठाऊक असतं. मुल्लपेरियारला या दोन्ही गोष्टी लागल्या.

आता ती जागा डोळ्यांसमोर आणा. पेरियार नदी पश्चिम घाटात उगम पावून अरबी समुद्राकडे जाते. घाटाच्या पूर्वेला वैगै नदीचं खोरं, म्हणजे मदुराई, तेनी, रामनाथपुरम हा भाग पर्जन्यछायेतला आणि कोरडा. पश्चिमेचं पाणी डोंगर ओलांडून पूर्वेला न्यावं ही कल्पना इंग्रजांची नव्हे. रामनाथपुरमच्या संस्थानचे प्रधान मुत्तु इरुलप्प पिळ्ळै यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी ती मांडली होती. १८०८ मध्ये कॅप्टन जेम्स कॉल्डवेल यांनी जागा पाहिली आणि हे जमण्यासारखं नाही असा अहवाल दिला. १८५० च्या सुमाराला लहान बांध घालायला घेतला. मजूर तिथल्या हवेत टिकेनात, जास्त मजुरी मागू लागले, काम सोडावं लागलं. १८६० च्या दशकात रायव्ह्ज यांनी मातीच्या धरणाची योजना दिली, ती कागदावर राहिली. मग १८७६-७८ चा दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात माणसं लाखांनी मेली. त्यानंतर मात्र हा विषय पुन्हा टेबलावर आला आणि १८८२ मध्ये नवी योजना, नवं अंदाजपत्रक तयार करण्याचं काम मेजर पेनिक्विक यांच्याकडे दिलं गेलं.

इथे त्यांनी घेतलेला एक निर्णय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यांनी माती सोडली आणि दगड-चुना धरला. मातीचं धरण अर्धवट असताना त्याच्यावरून पूर गेला की ते वाहून गेलंच म्हणून समजा. दगडी धरण अर्धवट असलं तरी डोक्यावरून पाणी झेलू शकतं, पुढच्या मोसमात चिखल काढायचा आणि तिथूनच पुढे बांधायचं. पुणेकरांना हे वेगळं समजावायला नको. १२ जुलै १९६१ ला मातीचं पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्याच्या जुन्या दगडी भिंतीवर आलं. तिची आखणी अशा माऱ्यासाठी नव्हती, तरी ती काही तास पाणी डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि मग फुटली. मुल्लपेरियारच्या जागी नैर्ऋत्य आणि ईशान्य दोन्ही मोसमी पाऊस पडतात, बांधकामाला मिळणारे कोरडे दिवस थोडे. दरवर्षी अर्धवट कामावरून नदी जाणार हे ठरलेलंच होतं. म्हणून माती नको. हा निर्णय कागदावर एका ओळीचा, पण धरण उभं राहिलं ते त्या ओळीवर.

योजनेचं गणितही नीट पाहण्यासारखं आहे. धरण नदीच्या तळापासून १५५ फूट उंच, लांबी सुमारे १,२०० फूट. पूर्वेकडे पाणी नेणारा बोगदा सुमारे ५,७०० फुटांचा, म्हणजे मैलाहून जास्त. आता गंमत अशी की बोगद्याकडे जाणाऱ्या वाटेचा उंबरा १०४ फुटांवर आहे. त्याच्या खालचं पाणी पूर्वेला जातच नाही. म्हणजे धरणाच्या उंचीचा दोन तृतीयांश भाग साठवण्यासाठी नाही, पाणी डोंगराच्या खिंडीपर्यंत उचलण्यासाठी आहे. उपयोगाचा साठा फक्त वरच्या थरात. पंप न लावता डोंगरापलीकडे पाणी ओतायचं तर ही किंमत मोजावीच लागते. आपल्याकडे टाटांच्या लोणावळा-मुळशीच्या आणि पुढे कोयनेच्या योजनेत दिशा नेमकी उलटी आहे. पूर्वेला जाणारं कृष्णा खोऱ्याचं पाणी आपण सह्याद्रीवरून कोकणात सोडतो, विजेसाठी. आणि आता कोकणातल्या नद्यांचं पाणी गोदावरी खोऱ्यात आणण्याच्या चर्चा चालतात. त्या चर्चा ऐकताना मला दर वेळी तो १०४ फुटांचा उंबरा आठवतो. नकाशावर बाण काढणं सोपं असतं, पाणी त्या बाणाच्या टोकापर्यंत चढवायला काय लागतं ते तिथे दिसतं.

जागा त्रावणकोर संस्थानची होती. २९ ऑक्टोबर १८८६ ला करार झाला: ८,००० एकर जमीन, वर्षाला एकरी ५ रुपये, म्हणजे ४०,००० रुपये भाडं, मुदत ९९९ वर्षं. मांडलिक संस्थानाला वरच्या सत्तेने घातलेला हा करार बरोबरीचा नव्हता, आणि या धरणावरून आज चाललेल्या केरळ-तमिळनाडू वादाचं मूळ त्यातच आहे. इंग्रज सरकारही धर्मादाय म्हणून धरण बांधत नव्हतं. ओलिताखाली आलेल्या जमिनीवर पाणीपट्टी आणि वाढीव सारा येणार, हा हिशेब प्रत्येक अंदाजपत्रकाच्या तळाशी असे. पेनिक्विक यांचं मोठेपण सांगताना हे लपवायचं कारण नाही.

काम १८८७ मध्ये सुरू झालं. सर्वांत जवळचं रेल्वे स्थानक शंभरएक किलोमीटर दूर. तिथून बैलगाड्या, मग घाट चढवायला तारेवरचा दोरमार्ग, मग जंगलातून होड्या. मद्रास पायोनिअर्सच्या पहिल्या आणि चौथ्या पलटणीचे जवान कामाला होते, कोचीहून पोर्तुगीज सुतार आणले होते. बाकी हजारो मजूर खालच्या गावांतले. समुद्रसपाटीपासून सुमारे ८८० मीटर उंचीवरचं घनदाट रान, हत्ती, जळवा आणि मलेरिया. मलेरिया डासांमुळे होतो हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, तो शोध धरण पुरं झाल्यावर दोन वर्षांनी लागला. पटकीही आली. बांधकामाच्या काळात आजाराने ४८३ माणसं गेली. धरणाच्या उत्तरेला त्यांची दफनभूमी आहे.

आणि नदी. धरणाच्या कामात भिंत बांधणं हा सोपा भाग असतो, हे मी नव्या मुलांना नेहमी सांगत आलो. अवघड असतो तो पाया, कारण तो नदीच्या पोटात असतो. आधी नदीला बाजूला करायचं, त्यासाठी तात्पुरते बांध घालायचे, आतलं पाणी उपसायचं, खडक उघडा करायचा, धुवायचा, आणि पुढचा पूर यायच्या आत भिंत तळातून वर काढायची. मुल्लपेरियारला हे तात्पुरते बांध पुन्हा पुन्हा वाहून गेले. मी स्वतः एका छोट्या दुरुस्तीत असा एकच बांध जाताना पाहिला आहे. संध्याकाळी चार महिन्यांचं काम उभं होतं, पहाटे तिथे तांबडं पाणी होतं आणि काठावर एक उलटी पडलेली घमेली. गवंडी काही बोलले नाहीत, बिड्या ओढत बसून राहिले. त्या सकाळी साहेबाने लोकांसमोर उभं राहून ‘उद्यापासून परत’ म्हणणं किती जड जातं, ते मी पाहिलंय. पेनिक्विक यांनी ते किती मोसम केलं असेल, याचा विचार मी करतो.

दागिन्यांची गोष्ट या वाहून गेलेल्या बांधांमधूनच जन्मली. बांध गेले, सरकारने हात आखडला, साहेबांनी विलायतेतलं सगळं विकलं आणि परत आले, असं तेनीकडे घरोघरी सांगतात. माझं उत्तर नाही असं आहे. धरण मद्रास सरकारच्या खजिन्यातून, मंजूर कामावर झालं. मुख्य कामाचा खर्च ८० लाख रुपयांहून जास्त होता, त्या काळचे ८० लाख. पगारदार अधिकाऱ्याचं घर आणि बायकोचे दागिने विकून त्यातून एका मोसमाची मजुरीही निघाली नसती. ज्यांनी कधी मजुरांच्या हजेरीपटावर, मस्टरवर, सह्या केल्यात त्यांना हे लगेच कळेल.

पण मग त्यांनी काय केलं? प्रत्येक पुरानंतर वरच्यांना पटवत राहिले. आमच्या खात्यात ‘सुप्रमा’ हा शब्द रोज तोंडात असतो, सुधारित प्रशासकीय मान्यता. वाढलेल्या खर्चाची फाईल वर पाठवायची, आक्षेप यायचे, उत्तरं द्यायची, परत आक्षेप. काम बुडवणारी माणसं कमी पाहिली मी. फाईल थांबल्यावर हळूहळू ज्यांचं मन कामातून उडालं अशी खूप पाहिली. १८८२ ला अंदाजपत्रक हाती घेतलेला माणूस १८९५ मध्ये उद्घाटनाला त्याच कामावर होता. तेरा वर्षं. बदली, बढती, ताप, पूर यातून एकच काम धरून राहणं मला दागिने विकण्यापेक्षा मोठं वाटतं. तरी गोष्ट सांगणाऱ्यांवर मी रागावत नाही. लोकांना अंदाजपत्रक कळत नाही, कुणीतरी आपल्यासाठी स्वतःचं काहीतरी घातलं एवढं कळतं, आणि तेवढं खरंच आहे.

१० ऑक्टोबर १८९५ ला गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांनी धरणाचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी पेनिक्विक यांना सीएसआय, म्हणजे ‘कम्पॅनियन ऑफ द स्टार ऑफ इंडिया’, हा किताब मिळाला. पुढे ते इंग्लंडला कूपर्स हिलच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रमुख झाले. हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी इंजिनिअर तिथेच घडत. ब्रिस्बेनच्या पुराबद्दल सल्ला द्यायला ऑस्ट्रेलियालाही गेले. ९ मार्च १९११ ला कॅम्बर्लीला वारले.

आता चुना. मुल्लपेरियारची दोन्ही तोंडं दगडी बांधकामाची, आतला गाभा चुना आणि सुरखीच्या काँक्रीटचा. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. साधा चुना हवा लागून घट्ट होतो, भिंतीच्या पोटात हवा जाणार कुठून? भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते तेव्हा तो पाण्याखालीही घट्ट होतो. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो, आणि दगडी चाकाच्या घाणीत भरपूर मळावा लागतो. जुन्या धरणांजवळ अजून चुन्याच्या घाणीचा गोल चर आणि पडलेला दगडी चाक सापडतो, बैल ज्याच्याभोवती फिरत. आमच्याकडच्या एका जुन्या धरणातून आम्ही ड्रिल करून नमुने काढले होते. पेटीत लाकडी पट्ट्यांमध्ये ठेवलेले ते दंडगोल मला अजून दिसतात: काळा बेसाल्ट, मध्ये बोटभर फिकट गुलाबी चुना, पुन्हा बेसाल्ट. काही ठिकाणी खिळ्याने ओरखडा उठेना. पण दोन पेट्या सोडून पुढे एका नमुन्यात चुन्याच्या जागी नुसती पोकळी होती, कडेला ओलसर वाळू. त्याच भिंतीत, त्याच गवंड्यांच्या हातचं काम. पाझरणारं पाणी चुना विरघळवून घेऊन जातं आणि खालच्या तोंडावर पांढरे ओघळ सोडतं. म्हणून चुन्याचं धरण चांगलं की वाईट असं सरसकट काही नसतं. कुठून किती पाझरतंय ते रोज मोजलं जातं का, हे विचारायचं.

दुसरी बाब आकाराची. दगडी धरणाचा छेद शास्त्राने ठरवण्याची विद्या तेव्हा अगदी ताजी होती. मुंबईच्या पाणीपुरवठ्याचं काम पाहणारे कॅप्टन टुलक, हेही रॉयल इंजिनिअर्सचेच, यांनी विचारणा केली म्हणून प्राध्यापक रँकिन यांनी १८७२ मध्ये त्यावर लिहिलं. भिंतीत कुठेही ताण, म्हणजे दगड फाकवणारी ओढ, येऊ द्यायचा नाही, हे त्यांचं सूत्र पुढे जगभर चाललं. पण एक गोष्ट त्या पिढीच्या हिशेबात नव्हती: पाणी फटींतून आणि पायाखालून भिंतीला वर ढकलतं. आम्ही त्याला अपलिफ्टच म्हणतो. फ्रान्समधलं बूझे धरण त्यामुळे फुटलं आणि मग जगाचे डोळे उघडले. ती तारीख २७ एप्रिल १८९५, मुल्लपेरियारच्या उद्घाटनाच्या साडेपाच महिने आधी. पेनिक्विक यांची भिंत तोवर बांधून होत आली होती. त्यांच्यावर हा दोष येत नाही, पण धरणावर तो भार येतोच.

१९७९ मध्ये गुजरातमधलं मच्छू धरण फुटल्यावर मुल्लपेरियारच्या सुरक्षेचा प्रश्न जोरात उठला. पाण्याची पातळी १३६ फुटांवर खाली आणली गेली. मग माथ्यावर काँक्रीटची जड टोपी चढवली, माथ्यातून खडकापर्यंत पोलादी केबलने भिंत खाली आवळली आणि मागच्या बाजूला काँक्रीटचा टेका दिला. हे तिन्ही उपाय अपलिफ्ट आणि भूकंप यांच्या विरोधात वजन आणि पकड वाढवणारे आहेत. ७ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १४२ फुटांपर्यंत पाणी साठवायला मान्यता दिली. म्हणजे आज उभं आहे ते निव्वळ पेनिक्विक यांचं धरण नाही, मूळ बांधकाम आणि जवळजवळ शंभर वर्षांनी घातलेला आधार असं दोन्ही मिळून ते आहे. ‘इंग्रजांचं काम, काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. खाली केरळात इडुक्कीकडे राहणाऱ्यांना पावसाळ्यात झोप लागत नसेल तर त्यांना भित्रे म्हणू नये. पानशेतनंतर पुण्यातली किती माणसं वर्षानुवर्षं मुठेचा आवाज ऐकून उठत होती. आणि तमिळनाडूतल्या पाच जिल्ह्यांची शेती, पिण्याचं पाणी त्या १०४ फुटांच्या वरच्या थरावर आहे, हेही तेवढंच खरं. मोजमापं दोन्ही राज्यांच्या लोकांना रोज, उघड दिसली पाहिजेत असं माझं मत आहे.

धरणावर सहसा जाऊ देत नाहीत. तेक्कडीला होडीत बसलात की तो जलाशय दिसतो, आणि पाण्यातून वर आलेली काळी, वाळलेली खोडं. १८९५ मध्ये बुडालेल्या रानाची ती झाडं आहेत. होडीतले लोक हत्ती शोधतात, मी मात्र खोडंच पाहत बसलो. तिथून कुमिळीचा घाट उतरताना डोंगरावरून खाली येणारे चार जाड पाइप दिसतात, बोगद्याच्या पाण्यावर पुढे वीजघर झालं त्याचे. पायथ्याला लोअर कॅम्पला पेनिक्विक यांचं स्मारक आहे. त्यांच्या वाढदिवशी, १५ जानेवारीला, पोंगलच्या दिवसांत लोक तिथे पोंगल शिजवतात. जवळच्या चहाच्या दुकानात देवांच्या तसबिरींच्या रांगेत गलमिशावाल्या साहेबाचा फोटो होता, त्याला ताजा हार. मी पुण्याचा म्हटल्यावर दुकानदाराने मोडक्या हिंदीत विचारलं, “वो भी उधर का ना?” आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. बाहेर कंबमचं खोरं पसरलं होतं, भाताची खाचरं आणि द्राक्षांचे मांडव. नाशिककडच्या माणसाला आपल्याच गावी आल्यासारखं वाटेल. पाटात गुडघाभर पाणी होतं, गढूळ, जोराचं, आणि ते पूर्वेकडे चाललं होतं.